नरम लिव्हर

धुळ्याच्या एमआरआय सेंटरमध्ये सोनगीरचा एक माणूस माझ्या शेजारी बसला होता. गुडघ्यावर टोपीची घडी घालायचा, मोडायचा. त्याला भावाला लिव्हरचा तुकडा द्यायचा होता, मला बहिणीला. आत बरगड्यांवर थरथरणारी चकती बांधून लिव्हर किती कडक आहे ते तपासलं. माझं कडक निघालं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं घेता येणार नाही."

त्याचं नरम होतं.

"पोट फाडतील. भीती नाही वाटत?" मी मुद्दाम विचारलं.

"वाटस ना. पन भाऊ एकच शे," म्हणत तो भावाला फोन करायला उठला.

मी बहिणीला घरी जाऊन सांगितलं. "बरं झालं दादा, तुझे हाल वाचले," ती म्हणाली. तेव्हा मला त्याचा आणखीच हेवा वाटला.