याकोबकाकांच्या हौदाचं पाणी

मे महिन्यातला दुसरा रविवार. सकाळी सातलाच उन्हाचा चटका, वारा पूर्ण बंद.

आमच्या चर्चच्या मंडळीतले किस्से मी रोज झोपण्याआधी लिहून ठेवतो. नाहीतर एकावर एक साचतात आणि आधीचे विसरले जातात. या रविवारचे मात्र जेवणाआधीच लिहायला बसलो!

आठवडा उलटून गेला तरी नळ आला नव्हता. आणि नेमका आज याकोबकाकांचा बाप्तिस्मा! काका एसटीचे रिटायर ड्रायव्हर, चांगले सहा फुटी. मार्थाकाकू लग्न झाल्यापासून त्यांच्यासाठी प्रार्थना करत होत्या, काका दर वर्षी म्हणत, "बघू पुढच्या वर्षी." या वेळी स्वतःहून तयार झाले. अट एकच, "घ्यायचा तर पूर्ण बुडून. नुसतं शिंपडलेलं नाय चालायचं."

काल चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाप्तिस्म्याचा हौद कोरडा आहे. पुढं ढकलू या?"

काकूंचा चेहरा उतरला. "पुढं ढकललं, की हे परत 'बघू' म्हणतील!"

मग घरोघर फोन गेले. असेल तेवढं पाणी आणा.

* * *

पहिल्या आल्या रूथवहिनी. त्यांच्या मुलीला बघायला दुपारी गंगापूरहून पाहुणे यायचे होते. तरी अख्खा ड्रम रिक्षात घालून आणला.

"वहिनी, पाहुण्यांना काय देणार?"

"ताक! लई पाणी पिणारं सासर मलाही नको!"

* * *

टाकीला कुलूप लावणारा आमच्यात एकच माणूस, शमुवेलसर. तेही दोन बादल्या घेऊन हजर, वर फडकं बांधलेलं.

"सर, गाळून आणलं?"

"मग? माणूस नव्यानं जन्मतोय, गढूळ पाण्यात कसा घालायचा?"

"आणि कुलूप?"

"उघडंच टाकून आलो. आत आता चोरायला हाय काय!" असे हसले, की सरांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

* * *

शेजारचे सलीमभाई स्कूटरवर दोन कॅन घेऊन आले. "काकू, हमारे घर का भी डालो. काका को आधा सूखा मत रखो!"

* * *

ग्रेसमावशींनी आंघोळीसाठी ठेवलेलं पाणीच हौदात ओतलं आणि तशाच पहिल्या बाकावर बसल्या. बाजूची बाई जरा सरकली.

"सरकू नको गं, आज अख्खी मंडळी बिनआंघोळीची हाय!"

एवढ्या मोकळ्या गळ्यानं गायलेली गाणी आमच्या चर्चमध्ये मी कधी ऐकली नव्हती.

* * *

सगळ्यांचं मिळून पाणी भरलं काकांच्या गुडघ्यापर्यंत. त्यात हौद आखूड. पाळकसाहेबांनी काकांना मागं झोपवलं. डोकं गेलं, छाती गेली, गुडघे वर! गुडघे दाबले, तर नाक वर!

काका खोकत ओरडले, "पूर्ण म्हणजे पूर्ण, साहेब! गुडघे जुने ठेवून मी बाहेर येणार नाय!"

पाळकसाहेबांना हात दोनच.

मार्थाकाकूंनी चप्पल काढली, चष्मा माझ्या हातात दिला आणि नव्या साडीसकट हौदात उतरल्या. पाळकसाहेबांनी खांदे धरले. काकूंनी गुडघे एका कुशीला वळवले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले.

याकोबकाका डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाण्याखाली गेले.