दिगंबरचं उंच स्टूल

राहात्याच्या स्टँडवर नेवाशाहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच सांगितलं, "मास्तर, तुमचे डाक्टर गेले. पहाटं." मी हातातलं वर्तमानपत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि तीच गाडी परत फिरली तशी तिच्यानंच नेवाशाला निघालो... ते वर्तमानपत्र अजून तसंच घडीत आहे.

दिगंबर माझा शाळासोबती. डोळ्यांचा डॉक्टर होऊन त्यानं नेवाशाला दवाखाना काढला, तेव्हा लोक त्याग वगैरे म्हणाले. तो म्हणाला, "पुण्यात माझ्यापेक्षा बरे डॉक्टर आहेत, इथं नाहीत. एवढंच." हार-शालींचा आम्हा दोघांनाही पहिल्यापासून कंटाळा. त्यामुळे त्यानं सुताराकडून पायऱ्यांचं, छातीइतकं उंच स्टूल करून घेतलंय, रोगी घरी निघाले की तो त्यावर चढून बसतो आणि ते त्याच्या पायांना हात लावतात, हे ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, आपलाही एक माणूस चढला. गावात त्याला 'डाक्टरचं सिंहासन' म्हणत.

पुढे आईला घेऊन मीच त्याच्याकडे गेलो. तिचा उजवा डोळा पूर्वी एका शिबिरातल्या ऑपरेशननंतर गेलेला, आणि आता डाव्यातही मोतीबिंदू पिकलेला. हाही गेला तर अंधारच. दिगंबरनं बॅटरी धरून उजवा डोळा बराच वेळ पाहिला. "मोतीबिंदू छान काढलाय. बुबुळापुढची पारदर्शक काच दुधाळ झालीये." मग आईला विचारलं, "मावशी, ऑपरेशन झाल्यावर कुणाकुणाच्या पाया पडलात?"

"शेवटच्या दिशी सायेब आल्ते, त्यांच्या. मंग डाक्टरच्या. घरी आल्यावर दिराच्या, मंग देवाच्या."

"देवाचा नंबर लई मागं लागला, मावशी."

"त्यो कुठं जातोय," आई म्हणाली.

तो हसला. पण मला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. मोतीबिंदू काढायला बुबुळाच्या वरच्या कडेनं जवळजवळ अर्धवर्तुळ कापावं लागतं. जखम भरण्याआधी माणूस वाकला की टाक्यांवर ताण येतो, आणि आतला गर पुढं सरकून काचेला टेकू शकतो. काचेचं आतलं नाजूक अस्तर एकदा गेलं की पुन्हा येत नाही. काच पाणी धरते, धुरकट होते. "आता बारीक टाके आलेत. मोतीबिंदू गोठवून ओढणारी सळई आलीये. चांगली आहे, फक्त चिकटायला तिला मोतीबिंदूच लागतो असं नाही, काचही चालते. तिथं मी हात सांभाळतो. रोग्यांची भक्ती कशी सांभाळू? नको म्हटलं तर दारात गाठून वाकतात. मग पायच वर नेले."

मोठ्या खुर्च्यांवर चढलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. समोरच्याची मान ताठ राहावी म्हणून चढलेला हा एकटाच.

आई घरी निघाली त्या दिवशी तो स्टुलावर पाय सोडून बसला होता. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली आई म्हणाली, "एकदाच वाकू दे की रं, बाबा."

"मान वर, मावशी. हात लावा नि चालू लागा."

डोळा वाचला. जाड भिंगांच्या चष्म्यातून ती आता तांदळातले खडे निवडते, आणि माझ्यातलेही.

मी पोचलो तेव्हा दिगंबरला ओसरीवर खाली निजवलं होतं. त्याचे पाय पहिल्यांदाच वाकल्याशिवाय हात लागणार नाही इतके खाली आले होते... आई जवळच्या आमच्या गावाहून माझ्याआधी येऊन बसली होती. तेवढ्यात दवाखान्यातल्या खाटेवरून उठून आलेले, पट्टी बांधलेले मिरजगावचे एक आजोबा पायांशी वाकू लागले. आईनं त्यांचा दंड धरला.

"वाकायचं न्हाई."

"अवो, शेवटचं हाय आता."

"तुमच्या डोळ्याचं शेवटचं व्हईल. माझा एक असाच गेलाय."

आजोबा हट्टाला पेटले होते. आईनं दंड सोडला नाही. मला म्हणाली, "बघत काय ऱ्हायलास? त्याचं स्टूल आन." मी आणलं. पट्टीवाले एकेक करून आले, ताठ मानेनं स्टुलाला हात लावून बाजूला झाले.

परवा दवाखान्यात जाऊन आलो. बाकी सगळं आवरलंय, स्टूल तेवढं दाराशी आहे. पाय टेकायची फळी झिजून गुळगुळीत झालीये. मी जन्मात कुणाच्या पाया पडलेलो नाही, आणि माझे डोळे धडधाकट आहेत. तरी त्यानं घालून दिलं होतं तसंच केलं. मान वर ठेवली, उभ्यानंच हात लावला आणि चालू लागलो.