जिजाजी कॅमेरा पाहायला येतात

या, अशा जवळ या. दारात एक पाय ठेवून, "निघतेच हं मावशी" म्हणत गोष्ट ऐकायची ही कोणती रीत? चहा संपल्यावर येता, गोष्ट निम्मी झाल्यावर येता, आणि वर विचारता की हे जिजाजी कोण. आता बसा आणि मध्ये उठू नका. तर, एखादी वस्तू न घेण्यासाठी माझ्या जिजाजींइतके कष्ट उपसणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही आणि होणारही नाही. लोक वस्तू घेताना दमतात. आमचे जिजाजी न घेता दमतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ताजे होऊन येतात.

जिजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माईचे यजमान. अकोल्यात जुन्या शहरात राहतात, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. छत्री घ्यायची तर दुकानात ती उघडून खाली उभे राहत आणि दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावत. माईलासुद्धा तीनदा पाहून गेले होते. तिसऱ्यांदा आमच्या बाबांनी पोह्यांची बशी हातात तशीच धरून विचारलं, "गुरुजी, खोट पोरीत हाये का पोह्यात?" तेव्हा कुठे हो म्हणाले. माई जन्मभर सांगायची, "यायनं मले पसंत नाई केलं, बाबांनी बांधून देल्लं."

अशी हसरी माई, पण ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडेना. चित्रकलेच्या मास्तरच्या घरी! एका लग्नातल्या फोटोत तिसऱ्या ओळीत उभी होती, तोंड तुरीच्या दाण्याएवढं. तेच मोठं करून आणलं, तर धुक्यात कोणी बाई उभी असावी तशी दिसली. जिजाजी बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "हे कोन हाये वं?" त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं, की आता मोठ्या फिल्मवर फोटो काढणारा जुना लाकडी कॅमेरा घ्यायचा आणि उरलेल्या माणसांचे फोटो काढून ठेवायचे. "मोठ्या फिल्मवर पापनी न पापनी येते, बाई. मंग कोनी धुक्यात जात नाई."

ती कापसाने आणि कर्जाने गावंच्या गावं मोडून टाकलेली वर्षं. लग्नं चार माणसांत उरकायची, फोटोवाला कोण बोलावतो? स्टुडिओ एकामागून एक बंद पडत होते आणि असे कॅमेरे गोणपाटाखाली धूळ खात होते. म्हणजे घेणाऱ्याला सुकाळच. जिजाजी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या एसटीने अमरावतीला माझ्याकडे येऊ लागले. मी एकटीच. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. जेवून आम्ही दोघं कॅमेरा पाहायला निघायचो, अगदी मुलगी पाहायला निघावं तसे. ते इस्त्रीचा सदरा घालून, मी बरं लुगडं नेसून.

त्यांच्या पिशवीत भिंग, फूटपट्टी, टॉर्च आणि काळं कापड. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर समोरचं सगळं उलटं दिसतं; ते पाहायला डोक्यावरून कापड घ्यायचे आणि मला समोर खुर्चीवर बसवायचे. आतून आवाज यायचा, "बाई, तुई खुर्ची छताले टांगली दिसते, पन चेयरा बेस हाये." लेन्स असेल तर ती कानाशी धरून तिच्यातल्या झडपेची एका सेकंदाची टिकटिक डॉक्टरसारखी ऐकायचे. वीस वेळा, पंचवीस वेळा. राजकमल चौकाजवळचा एक स्टुडिओवाला वैतागून म्हणाला, "गुरुजी, लेन्स घ्याची हाये का तिचं बाळंतपन कराचं हाये?"

पहिल्याच महिन्यात तर एक कॅमेरा पाहण्यासाठी घरीच आणला. त्याला लोहाराच्या भात्यासारखी कातडी घडी असते, तिला टाचणीएवढं छिद्र असलं तरी फिल्म वाया जाते. ते शोधायला आत टॉर्च लावून अंधारात बघायचं. भरदुपारी अंधार कुठून आणणार? म्हणून जिजाजींनी माझी जाड गोधडी काढली, आणि कॅमेऱ्यासकट आम्ही दोघं तिच्याखाली. नेमकी शेजारची कमलबाई विरजण मागायला आली. गोधडीतून उजेड येतोय आणि आवाज येतोय, "अवं, इथं नाई, खाली पाह्य, खाली!" कमलबाई वाटी टाकून पळाली. जिजाजी घामाघूम होऊन बाहेर आले आणि तिच्यामागे ओरडले, "भाता तपासून राहिलो, बाई! भाता!" त्याने प्रकरण आणखीच वाढलं. भात्याला छिद्र नव्हतं, तरीही कॅमेरा परत गेला. काय तर म्हणे, लाकडाला वास येतो.

नांदगाव खंडेश्वरला मात्र त्यांची फजिती झाली. तिथे एक म्हातारे चाचा स्टुडिओ आवरत होते. म्हणाले, "गुरुजी, अब कौन आता फोटो को? जे येतात ते गेलेल्या मानसाचा घिऊन येतात. ग्रुपमधून एवढंसं तोंड काढून मोठं करा म्हनतात. लहान लहान पोट्टे, गुरुजी, बापाचा फोटो घिऊन येतात." जिजाजींनी चाचांचा कॅमेरा दोन तास तपासला. भाता घट्ट, लेन्स स्वच्छ, टिकटिक बरोबर, सोबत फिल्म घालायचे चार होल्डर. खोट सापडेना, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "तिपाईचा एक पाय जरासा रुसला वाटते," आणि उठले.

आता माझी चूक ऐका. मला वाटलं, या माणसाला घेणं जमतच नाही. बाबांनी जशी माई बांधून दिली तसा हा कॅमेराही कोणीतरी बांधून द्यायला हवा. मी एकटी नांदगावला गेले आणि तिपाई, होल्डर सगळ्यासकट तो घेऊन आले. पुढच्या दुसऱ्या शनिवारी जिजाजी आले, तर कॅमेरा माझ्या बैठकीत उभा. त्यांनी पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. "तू काहून आनला वं?" एवढंच म्हणाले. जेवले, भाजीला नाव ठेवलं नाही, आणि दुपारच्या गाडीने कॅमेरा घेऊन गेले.

त्याच्या पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मी सवयीने त्यांच्या वाटणीची भाकरी टाकली. ती संध्याकाळी गाईला घातली. त्यानंतरच्या महिन्यातही तेच. बरं लुगडं घडी करून ठेवलं ते तसंच राहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की महिन्यातून एक दिवस मला कोणीतरी खुर्चीत बसवून नीट पाहत होतं, आणि तो दिवस मी स्वतःच्या हाताने संपवून टाकला होता.

तिसऱ्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. 'एका होल्डरमधून उजेड शिरतो. बाकी ठीक.' मी देवापुढे साखर ठेवली, खरं सांगते. खोट निघाली होती! त्याच दिवशी एसटी धरून अकोल्याला गेले. कॅमेरा खिडकीपाशी उभा होता, समोर रिकामी खुर्ची. मी पाणीही न पिता विचारलं, "जिजाजी, येनं काहून बंद केलं?"

ते होल्डर पुसत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं, तुले कटकट झाली. एकदाचा कॅमेरा देऊन टाकू, म्हनजे हा बुढा येनार नाई."

"अन् मले वाटलं, तुमाले कॅमेरा पायजे."

"कॅमेरा तं पयल्या महिन्यातच पसंत होता," ते म्हणाले. "तो वास येते म्हनलो तो." मग चिडल्यासारखं करून, "आता बस तिथं, उजेड जाऊन राहिला."

बसले. त्यांनी डोक्यावरून काळं कापड घेतलं, आणि या वेळी आतून काहीच आवाज आला नाही. कापड हलत होतं तेवढं. मीही खुर्ची छताला टांगली आहे का, हे विचारलं नाही. मग ते बाहेर आले, फिल्म झाकणारा होल्डरचा पत्रा ओढला आणि म्हणाले, "दोन सेकंद हलू नको." तो फोटो माझ्याकडे आहे. माझी पापणी न पापणी आली आहे, आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा.

आता जिजाजींचे गुडघे गेले, एसटी चढवत नाही. दुसऱ्या शनिवारी मीच जाते. होल्डर चपट्या पाटीसारखा असतो, त्याला दोन बाजू. एका बाजूच्या फिल्मवर मी आले, दुसरी बाजू अजून कोरी आहे. होल्डर चार असले तरी फिल्म दोनच मिळाल्या, आता तर कुठेच मिळत नाहीत, आणि शेवटची कोणावर खर्च करायची ते जिजाजी ठरवत आहेत. किती वर्षं लागतील, तुम्ही जाणताच. म्हणून म्हणते, एकदा माझ्याबरोबर चला. काही करायचं नाही, खिडकीपाशी बसायचं आणि त्यांना दोन तास तुमच्यातली खोट शोधू द्यायची. येत्या दुसऱ्या शनिवारीच या. आधी माझ्याकडे जेवायला या, भाकरी मी अजूनही एक जास्तच टाकते.