न्यूट्रलमधली थरथर

आमच्या गाडीचं इंजिन दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो-डिझेल. ताकद शंभर हॉर्सपॉवर, आणि टॉर्क एवढा की सात माणसं नि दोन फणस भरून घाट चढली तरी हूं की चूं करत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण घरात कोणी पाहुणा आला की पाण्याचा ग्लास त्याच्या हातात पडायच्या आत आमचे हे सुरू व्हायचे. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जास्त हवा कोंबतो, म्हणून एवढंसं इंजिन एवढी मोठी गाडी ओढतं. पाहुणा बिचारा मान डोलवायचा. मी आतून ओरडायची, अहो, त्याला आधी चहा तरी पिऊ द्या.

ह्यांची सगळी नोकरी अंधेरीला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, मेन्टेनन्सला. तिथली ह्यांची एक पद्धत होती. मशीन बिघडलं की त्याच्यावर उजवा पंजा सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि थरथर कुठून येतेय ते सांगायचं. बेअरिंग गेलंय, पट्टा सैल आहे, खालचा बोल्ट ढिला झालाय. घरीही तेच. वॉशिंग मशीन, मिक्सर, सोसायटीचा पाण्याचा पंप, सगळ्यांवर पंजा. पंप बघायला आलेला माणूससुद्धा आधी ह्यांना खाली बोलवायचा. आमच्या घरात ह्यांच्या पंजाने सांगितलं की विषय संपला, त्यावर कोणी वाद घालायचा नाही. मीही नाही, आणि मी वाद घालण्यात कमी नाही.

तर त्या वर्षी गणपतीला गावी जाऊन आलो आणि हे म्हणायला लागले की गाडी थरथरते. चालताना नाही. सिग्नलला उभी असली की. न्यूट्रलमध्ये, हात गिअरवर ठेवला की दांडा थरथरतो. मी म्हटलं, डिझेल गाडी आहे, थोडी थरथरणारच. म्हणाले, ही ती नव्हे, ही वेगळी आहे.

मुलीला फोनवर हे कळलं आणि तिला आयतं कारण मिळालं. ती मुलुंडला असते. तिचं केव्हापासूनचं टुमणं होतं की बाबांनी हे धूड विकावं, एखादी छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घ्यावी, नाहीतर रिक्षाने फिरावं, बोरीवलीत पार्किंग तरी कुठे मिळतंय. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला सांगितलं की ही गाडी गेली की मी स्टिअरिंग सोडलं समज. ह्या माणसाला ना भजनाची आवड, ना बागेत बसून राजकारण करायची. रिटायर झाल्यावर सकाळी गाडी पुसणं, मला मंडईत सोडणं आणि वर्षातून दोन-तीनदा गावी स्वतः चालवत जाणं, एवढ्यावर ते उभे होते. ते गेलं तर माणूस सोफ्यावर बसून संपेल, ह्याची मला खात्री होती. म्हणून मी ठरवलं, काही झालं तरी गाडी दुरुस्त करायचीच.

आमचा गॅरेजवाला दिंडोशीला. बडबड्या, मनाने चांगला, पण समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणणारा. ह्यांनी गिअरवर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं की इंजिन माउंट गेलेत. माउंट म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ते रबराचे ठोकळे. डिझेलच्या हादऱ्याने ते चिरतात, मग सगळी थरथर थेट केबिनमध्ये येते. गॅरेजवाला म्हणाला, होय काका, असंच असणार. माउंट बदलले. येताना हायवेच्या सिग्नलला गाडी थांबली, ह्यांनी हात गिअरवर ठेवला आणि तोंड बारीक केलं. काहीच फरक नाही म्हणाले.

मग इंजेक्टर. एखादा इंजेक्टर डिझेल नीट फवारत नसला की इंजिन उभ्या जागी अडखळतं. चारही काढले, साफ केले, बसवले. मग धूर परत आत फिरवणारा व्हॉल्व्ह. रिटायर झाल्यापासून एरवी गाडी फक्त स्टेशन नि मंडई एवढीच फिरते, इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे त्यात काजळी साठते. तो उघडला तर आत खरंच काळं लोणी थापल्यासारखं होतं. मी मनात म्हटलं, चला, सापडलं एकदाचं. खरवडून काढलं. थरथर आहेच. गॅरेजवाल्याने कॉम्प्युटर लावला, त्यात काही निघेना. तो डोकं खाजवायला लागला आणि त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की काकी, तुम्हाला जाणवते का हो?

आता लायसन्स माझ्याकडेही आहे. हे शेजारी बसून एवढ्या सूचना करतात की डोकं सटकतं, म्हणून मी फारशी चालवत नाही, एवढंच. त्या दिवशी मात्र हट्टाने दिंडोशीहून बोरीवलीपर्यंत मीच आणली. प्रत्येक सिग्नलला हात गिअरवर ठेवला. डिझेलची असते तेवढी गुरगुर, बाकी काही नाही. मी तसं सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले की तुझ्या हाताला ते कळायचं नाही. मला राग आला, पण पटलंही. ज्यांच्या पंजावर कारखाना चालला त्यांना जे कळतं ते मला कुठून कळणार?

त्यात पिकअपचं नवीन निघालं. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी पटकन उठायची नाही. मागचे हॉर्न मारून जीव खायचे, मी काच खाली करून त्यांना चार शब्द सुनवायची. हे म्हणाले, टर्बो उशिरा पकडतो. पुन्हा दिंडोशी. टर्बोची नळी तपासली, चिरली नव्हती. मग गॅरेजवाल्याने विचारलं की घाट चढून आलात की काय करता. मी सांगितलं, सगळे करतात तेच, वर देऊळ आहे तिथे थांबतो, गाडी बंद करतो, नारळ फोडतो. त्याने कपाळावर हात मारला. घाट चढून टर्बो लालबुंद तापलेला असतो. लगेच इंजिन बंद केलं की त्याला मिळणारं ऑइलही बंद होतं आणि आतलं ऑइल जळून चिकटतं. यापुढे कुठूनही आलात की आधी दोन मिनिटं गाडी चालू ठेवून बसायचं, मगच चावी फिरवायची, असं त्याने बजावलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही देवापुढे नारळ फोडत होतो आणि मागे उभ्या गाडीची वाट लावत होतो. मला हसू आलं. ह्यांना नाही आलं.

दसऱ्याला सकाळी हे झेंडूची फुलं आणायला गेले आणि परत येऊन गाडी पार्किंगमध्ये लावली. मी पूजेचं ताट घेऊन खालीच उभी होते. आमच्याकडे दसऱ्याला गाडीला हळदकुंकू, हार, मग चाकांखाली लिंबं, आणि त्या लिंबांवरून गाडी पुढे न्यायची. इंजिन चालूच होतं. हे आत बसून राहिले, गॅरेजवाल्याची दोन मिनिटं पाळत. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्यांचा हात गिअरवर होता आणि दांड्यावर बोटं थरथरत होती. बघ, म्हणाले, आता तरी दिसतंय ना? मला दिसत होतं. मी म्हटलं, आज संध्याकाळी त्या गॅरेजवाल्याला फोन करून झापते.

दोन मिनिटं झाली. ह्यांनी उजव्या हाताने चावी फिरवली. इंजिन एक हिसका देऊन थांबलं आणि पार्किंगमध्ये एकदम शांतता झाली.

डावा हात तसाच होता. गिअरवर, तशीच बोटं हलत होती. अंगठा तर्जनीवर घासत होता, तंबाखू मळावी तसा.

काहीतरी वेगळं बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"अहो, गाडी बंद आहे."

ह्यांनी हाताकडे बघितलंही नाही. घाबरले की ह्यांच्या तोंडात मालवणी येते. "म्हायत आसा माका," म्हणाले.

"कधीपासून?"

"माउंट बदलले तेव्हापासून. त्या दिवशी रात्री जेवताना ताटाशी हात नुसता ठेवला होता, तेव्हा कळलं."

म्हणजे सगळं माहीत असून हा माणूस इंजेक्टर काढायला लावत होता. काजळी खरवडून घेत होता. मी मागच्यांच्या हॉर्नवर भांडत होते आणि ह्यांना माहीत होतं की उशिरा उठतोय तो टर्बो नव्हे, आपला पाय. माझा संताप संताप झाला. मग कशाला एवढी उघडझाक, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"गाडीतच काही निघालं तर बरं, असं वाटायचं गं," म्हणाले.

डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, हे सगळं नंतर आलं, आणि त्या आजाराचं नावही. त्या सकाळी फक्त आम्ही दोघं बंद गाडीत बसून होतो, मांडीवर ताट होतं आणि निरांजन विझलं होतं. मी ह्यांचा हात धरला. धरला की तो थांबायचा, सोडला की पुन्हा सुरू.

मग हेच उतरले, मागोमाग मीही ताट घेऊन उतरले. गाडीला हळदकुंकू त्यांनीच लावलं, हार घातला, वाकून चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सरळ होऊन चावी माझ्यापुढे धरली आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही, ते आवडलं नसतं.

मी गाडी सुरू केली. एकही सूचना आली नाही, क्लच हळू सोड नाही की आरसा बघ नाही, आणि त्यानेच मला रडू फुटायला आलं. पहिला गिअर टाकला. खाली लिंबं फुटल्याचा आवाज आला. ह्यांनी डावा हात दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून धरला होता, उजवा पंजा समोरच्या डॅशबोर्डवर सपाट ठेवला आणि डोळे मिटले.

"इंजिन एकदम ओके आहे गं," म्हणाले. "विकू नकोस."