पंख्याचं तोंड कॉम्प्युटरकडे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीतल्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला आणि थोड्याच दिवसांत हँग व्हायला लागला. बाबांनी एमआयडीसीच्या हवेला दोष दिला. त्या हवेने देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडायची, मग मशीनचं वेगळं काय होणार? खिडक्या बंद झाल्या, टेबल फॅनचं तोंड कॉम्प्युटरकडे वळलं आणि आम्ही घामाने निथळत बसलो. तरी माउसचा बाण मध्येच थिजायचा.

मला हे पटत नव्हतं. हँग व्हायचा तो फक्त इंटरनेट लावल्यावर, आणि मी इंटरनेट कधी लावतो हे हवेला कसं कळणार? मी मोडेमचं कार्ड काढून पाहिलं. दिवसभर काही अडलं नाही. मग कार्ड परत बसवलं आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, बदलला. कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला नाही.

बाबांना सगळं समजावून सांगितलं आणि पंखा माझ्याकडे वळवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उठले आणि पंखा परत कॉम्प्युटरकडे केला.

"आता नीट चालतोय," ते म्हणाले, "तर उगाच त्याची सवय मोडू नकोस."