सासऱ्यांचं नाक आणि माळशेजचा वारा

माझ्या सासऱ्यांच्या नाकाचं हाड मी स्वतःच्या उजव्या कोपराने मोडलं. हवेत, डिसेंबरच्या सकाळी, पूर्ण शुद्धीत. ही हकीकत मी फार चवीने सांगतो, आणि बायको खोलीत असली तर जरा जास्तच.

मी डोंबिवलीत छापखाना चालवतो आणि हौस म्हणून छोटं विमान उडवतो. असे आम्ही चौघे हिवाळ्यात एकदा बाळकुमला एकाच्या घरी जमतो आणि प्रत्येकाने त्या मोसमातलं एक उड्डाण सांगायचं असतं. बाकीचे सूर्योदय सांगतात, धुक्यातून वर आलेले किल्ले सांगतात. मी नाक सांगतो.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. कल्याणहून माळशेज घाटातून एसटीची लाल गाडी चालवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. एकदा घाटात एका दारुड्या प्रवाशाने त्यांच्या स्टिअरिंगला हात घातला. मामांनी डाव्या हाताने असा ठोसा दिला की त्याचे दोन दात इंजिनाच्या झाकणावर पडले. लग्नाच्या बोलणीला गेलो तेव्हा मला ही गोष्ट चहाच्या आधी ऐकवण्यात आली होती.

निवृत्त झाल्यावर मामा म्हणाले, "तो घाट एकदा वरून बघायचाय." घाटमाथ्यापलीकडे आम्ही ज्या धावपट्टीवरून उडतो, तिथे त्यांना घेऊन गेलो. बायकोही डबा घेऊन बरोबर आली.

विमानात वैमानिक डावीकडे बसतो, समोर विमान वळवायचं चाक. उजव्या खुर्चीसमोरही तसंच चाक असतं, पायाशी तशीच पेडलं. मामा कानटोपी घालून चढले, खुर्ची पुढे ओढली आणि इतके ऐसपैस बसले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. आयुष्यभर ते उजवीकडेच बसत आले होते.

"मामा, हात मांडीवर. पाय मागे."

"जावईबापू, मी काय जन्मभर मागच्या सीटवर बसून गेलो का?"

धावपट्टीवर हवा थंड आणि निश्चल होती. कड्यावरून कोकणच्या बाजूला उतरलो. मामा वळणं ओळखत होते. "ते बघा, तिथे माझा क्लच जळलेला." दूर पश्चिमेला धुराची करडी गादी पसरली होती. "तुमची डोंबिवली बुडाली त्यात," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं कल्याण आधी बुडालं." वळणं जवळून दिसावीत म्हणून मी खाली आलो होतो, जरा जास्तच खाली. मग परत फिरलो, समोर कडा.

हिवाळ्यात देशावरचा वारा तो कडा ओलांडून धबधब्यासारखा कोकणात कोसळतो. मला हे पाठ होतं. तरी त्याच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिलो. पहिल्या तडाख्यात माझं डोकं छपरावर आपटलं. थर्मास उडून मागच्या काचेवर फुटला. पट्टा खांद्यात रुतला. इंजिन पूर्ण जोरात होतं आणि आम्ही दगडासारखे खाली चाललो होतो. समोरचा कातळ वर वर चढत होता.

वाट एकच होती. विमानाचं नाक खाली घालून दरीकडे वळायचं आणि त्या वाऱ्यातून बाहेर पडायचं. मी वळवायला गेलो. चाक वळेना. मामांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"दरीकडे नको. डोंगर धरा, डोंगर."

घाटात तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि म्हणून जिवंत राहिले होते. त्यांनी चाक छातीशी ओढलं आणि ब्रेक म्हणून दोन्ही पाय पेडलांवर रोवले. विमानाचं नाक वर गेलं, वेग गळाला, पंखातला भोंगा रडायला लागला. तो भोंगा वाजला की पंखांनी हात टेकून विमान कोसळायला काही क्षणच उरतात. कातळावरची कारवीची झुडपं मला एकेक दिसत होती.

"सोडा, मामा."

"तुम्ही सोडा. माराल आपल्याला."

मी त्यांच्या मनगटावर मूठ हाणली. त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला, त्याच सुप्रसिद्ध डाव्या हाताने. मग मी कोपर चालवलं. इंजिनाच्या आवाजातही कट्कन ऐकू आलं. वेगाच्या काट्यावर रक्त उडालं. चाक सुटलं नाही. मी पुन्हा मारलं, आणखी जोरात. तेव्हा सुटलं.

विमानाचं नाक खाली घातलं आणि दरीत उडी टाकावी तसे आम्ही पडलो. कडा उजव्या पंखाला चाटून मागे गेला. मग अचानक सगळं शांत. खाली सपाटीवर भाताच्या खाचरांच्या चौकटी. तिथे घिरट्या घेत उंची मिळवली आणि कड्याच्या चांगलं वरून परत आलो. सबंध वेळ मामा कानटोपी नाकाला लावून बसले होते, दुसरा हात मांडीवर, पाय मागे.

विमानाच्या शेडपाशी बायको डबा घेऊन उभी होती. बापाचा शर्ट बघून तिचा चेहरा उतरला. "बाबा, काय झालं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. आता ते जे सांगतील त्यावर माझा पुढचा संसार उभा होता, आणि माझा कान अजून वाजत होता.

"प्रवाशाने चाकाला हात घातला," ते कानटोपीतून म्हणाले. "ड्रायव्हरने मारला. बरोबर केलं."

मी श्वास सोडला. मामांनी जीभ तोंडातून सावकाश फिरवली, सगळीकडे चाचपून बघितलं.

"पण हात कच्चा आहे, जावईबापू. दोनदा मारून एक दात पाडता आला नाही तुम्हाला."