लंकाबाईंचा शिपाई दुसरा

पडदा वर जातो तेव्हा नाशिकच्या सिडकोतला एक गाळा दिसतो. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कपाटाला चिकटून उभं राहायचं, एवढीच त्याची रुंदी. डाव्या हाताला खिळ्यावर मारुतीची शेपटी लोंबते आहे. तिच्याखाली सहा मुकुट एकात एक घालून ठेवलेले. उजवीकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मिश्या: झुपकेदार, आकडेबाज, पिकलेल्या. मधोमध शिलाईचं मशीन, आणि मशीनवर लंकाबाई. वय सदुसष्ट. तोंडात तीन टाचण्या धरून स्पष्ट बोलण्याची कला त्यांना चाळीस वर्षांच्या सवयीने आली होती.

पाटीवर 'नवनाथ ड्रेपरी'. नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगला पोशाख भाड्याने देण्याचं हे दुकान. डिसेंबर म्हणजे त्यांची दिवाळी. पण यंदा डिसेंबर लागला तरी फोन वाजेना. पालक मोबाइलवरच शिवाजी मागवू लागले होते, आणि तो दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यातून दारात येत होता.

त्यांचा मुलगा महेश अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस. स्वभावाने मऊ, बोलायला मोजका. त्याने गोरक्ष नावाचा एक भाडेकरू बघून ठेवला होता. मोबाइलची कव्हरं विकणारा. सोमवारी तो गाळ्याचं माप घ्यायला येणार होता.

"आई, पुरे आता. गुडघे बघ तुझे."

"गुडघ्यांनी पोशाख शिवते का मी? एक ऑर्डर येऊ दे. आपले पोशाख घालणारे स्पर्धेत नंबरात आले तर पुढच्या गॅदरिंगपर्यंत गाळा माझा."

"आणि नाही आली तर?"

"तर गोरक्षला हार मी घालीन. हार पण आपल्याकडचाच, जरीचा."

महेशने कॅलेंडरवर सोमवारच्या चौकटीत पेनाने लिहून टाकलं: 'नंबर'.

मंगळवारी दुपारी पूजा आणि राज आत शिरले. दोघं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. शनिवारी त्यांच्या कॉलेजच्या महोत्सवात स्पर्धा होती: व्हिडिओ गेममधल्या पात्रांचे वेश करून तीन मिनिटांचा प्रवेश करायचा. पूजाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर दहा कमांडो ओळीने उभे होते.

लंकाबाईंनी मोबाइल नाकाजवळ नेला. "दहाही शिपाईच? मग राजा कोण?"

"राजा नसतो यात, आजी. एक पथक घरात दबा धरून बसतं, दुसरं बाहेरून घुसतं. मेला तो डाव संपेपर्यंत बाहेर."

"बोलतात काय?"

"बोलत नाहीत. गोळ्या घालतात."

"हाई काय शे!" लंकाबाईंच्या तोंडून सटाण्याचं माहेर बाहेर पडलं. त्यांच्या दुकानात राजाचा अंगरखा आधी निघे, मग राणीचा शालू, मग प्रधान. उरलंसुरलं ते शिपायांना. शिपाई पहिल्याला निदान 'महाराजांचा विजय असो' असतं. शिपाई दुसऱ्याला तेही नाही. त्याने नुसतं दारात उभं राहायचं.

आणि नवनाथ, लंकाबाईंचे यजमान, जन्मभर शिपाई दुसरा होते. दिवसा अंबडला लेथवर, संध्याकाळी कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमीला. एकवीस नाटकं, आणि एकवीस वेळा शिपाई दुसरा. एकदा प्रवेश चालू असताना त्यांच्या मानेवर गांधीलमाशी बसली आणि चावली. महाराजांनी पाहिलं, राणीने पाहिलं, प्रेक्षकांनीही पाहिलं. नवनाथ हलले नाहीत. त्यांच्या शिपायाच्या पोशाखाचं गाठोडं, पात्राचं नाव लिहून टाचलेल्या चिठ्ठीसकट, ते गेल्यापासून अकरा वर्षं दुकानाबाहेर गेलं नव्हतं.

"चार दिवसांत पाचच पोशाख होतील," लंकाबाई म्हणाल्या. "कुठले पाच?"

तिथेच तर घोडं अडलं होतं. राजने वहीतलं पान काढलं. दहा जणांची उतरती यादी, आणि तिच्यावर इतकी खाडाखोड की कागदाला भोक पडलेलं. "एक नंबर फाल्कन. यावर वाद नाही."

"वाद आहे," पूजा म्हणाली. "फाल्कन तुला व्हायचंय म्हणून तो एक नंबर."

"तू गप गं. दोन बंदुका, खिडकीतून उडी! शेवटचा नंबर ब्रिक. ढाल घेऊन गोगलगायीसारखा चालतो, बंदूक एवढीशी. त्याला कोणी घेतच नाही."

"भांडू नका," लंकाबाईंनी इस्त्रीच्या टेबलावरचे कपडे बाजूला केले. "खेळून दाखवा. नट बघितल्याशिवाय मी कापड कापत नाही."

दोन दिवस दुपारी लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर होता. लंकाबाईंनी काळ्या कापडाच्या तुकड्यावर खडूने दहा चित्रं काढली, आणि जो पडेल त्याच्याखाली एक रेघ. पोशाखवाल्यांचा हा जुना शिरस्ता. रंगमंचावर कोण कितव्या अंकात मरतो, किती वेळ लोळतो, हे आधी विचारून घ्यायचं. त्यावर अस्तर कुठलं आणि शिवण एकेरी की दुहेरी हे ठरतं. लंकाबाई दुसऱ्या कुठल्या हिशोबाने माणूस मोजतच नसत.

फाल्कनच्या खाली रेघांचं कुंपण झालं.

"हा खिडकीतून का जातो?" लंकाबाईंनी विचारलं. "शेजारी दार आहे की."

"स्टाइल असते ती, आजी."

"पडदा सरकला नाही तोच मेला. हा टाळ्यांचा भुकेला आहे. असले लय पाहिलेत." त्यांनी खडू टेकवला. "दहावा."

"दहावा?" राज उठून उभा राहिला आणि मुकुटांना डोकं आपटून घेतलं. "सगळं जग फाल्कनला एक नंबर देतं!"

"जगाला त्याची पँट शिवायची नसते."

स्पार्क दारं फोडायचा, त्याला चौथा मिळाला, कारण फोडून मागे सरत होता. पॅच नावाची तोंडावर फडकं बांधलेली डॉक्टरीण पडलेल्यांना उठवायची, तिला दुसरा. आणि पहिला? काळ्या कापडावर एकाच चित्राखाली दोनच रेघा होत्या.

"ब्रिक," पूजा हळूच म्हणाली.

"दारात उभा राहतो, हलत नाही, म्हणून बाकीचे जगतात," लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी एकदा माळ्यावरच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग टेप घेऊन राजची छाती मोजली. "बरोब्बर. तू ब्रिक."

"मी? आजी, मी नाही हं!"

"उंचीला तूच आहेस. उगाच हातवारे करू नकोस, टेप सरकतो."

माळ्यावरून अकरा वर्षांचं गाठोडं खाली आलं. नवनाथांचा खाकी डगला काळ्या रंगात बुडाला. जुन्या कपाटाच्या पत्र्याची ढाल झाली. राज रुसला होता. पण डगला अंगात घातल्यावर आरशासमोरून हलेना.

शनिवारी लंकाबाई स्वतः विंगेत हजर. गाठोडं पाठवून घरी बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. स्टेजवर आधी चार संघ झाले, आणि चारही संघांत फाल्कन सर्वांत पुढे. पहिल्याने उडी मारली, दुसऱ्यानेही मारली. तिसऱ्याची खोक्यातून आलेली पँट उडीत अशी फाटली की तो उरलेला प्रवेश भिंतीला पाठ लावून खेळला. विंगेत लंकाबाईंनी डोळे मिटले. त्यांना दुसऱ्याच्या शिवणीचीही लाज वाटायची.

"चला, ओळीने उभे राहा," त्या कुजबुजल्या. अंधार होता. पाच हेल्मेटं, पाच काळे पोशाख, सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर 'शिपाई'. आणि शिपायाचा पोशाख मिशीशिवाय बाहेर जात नाही, हा नवनाथ ड्रेपरीचा नियम. हनुवटी वर, डिंकाचं एक बोट, मिशी, दाब, पुढचा. हनुवटी वर, डिंक, मिशी, पुढचा. पाचव्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर "ओठ हलवू नकोस, वाळू दे," म्हणून त्यांनी फडकं वर बांधून स्टेजवर ढकलूनही दिलं.

प्रवेश सुरू झाला. राज दारात ढाल घेऊन उभा राहिला. समोरून मित्रांनी शिट्ट्या मारल्या, कोणी "ए गोगलगाय!" ओरडलं, कागदाचा गोळा हेल्मेटवर येऊन आपटला. राज हलला नाही. दुसऱ्या मिनिटाला शिट्ट्या थांबल्या. तिसऱ्या मिनिटाला हॉल त्या एका न हलणाऱ्या पोराकडेच बघू लागला. त्याच्या मागे स्पार्क पडला होता. पॅच त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली, तिने फडकं खाली ओढलं आणि प्रवेशातलं एकमेव वाक्य म्हटलं:

"ऊठ. अजून संपलेलं नाही."

पूजाच्या ओठावर दोन्ही टोकांना पीळ भरलेली आकडेबाज मिशी होती.

हॉल हसून हसून कोसळला. मेलेला स्पार्क पोट धरून हसू लागला. पूजाने ओठावर हात नेला, काय झालंय ते तिला कळलं, आणि त्या मुलीने मिशीला पीळ दिला! टाळ्या आणि हशा एकमेकांत मिसळून गेले. फक्त दारातला राज हलला नाही.

निकाल लागला: उत्तेजनार्थ.

सोमवारी सकाळी महेश प्रमाणपत्र हातात घेऊन कॅलेंडरसमोर उभा होता. "आई, उत्तेजनार्थ म्हणजे नंबर नव्हे."

"का नव्हे? पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. चौथाच झाला की."

"आमच्याकडे माल पास असतो, नाहीतर रिजेक्ट. मधलं काही नसतं."

"मधलं काही नसतं? मग दुरुस्त करून पास करायचं ते रिवर्क रिवर्क रोज घरी येऊन कसलं सांगतोस?"

महेश प्रमाणपत्र मशीनवर ठेवायला वाकला. एवढ्यात त्याचं लक्ष मशीनवरच्या वहीकडे गेलं. सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते: दोन कॉलेजं आणि एक सोसायटी. तिघांनीही मागितलं होतं तेच, मिशीवाले कमांडो. त्याने वही दोनदा वाचली. "नवऱ्यानं एकवीस वेळा दारात उभं राहायचं," तो डोळे पुसत हसायला लागला, "आणि बायकोनं दारच सोडायचं नाही."

त्याने कॅलेंडरवरच्या 'नंबर'पुढे बरोबरची खूण केली.

गोरक्ष टेप घेऊन दारात आला तो नेमका याच वेळी. महेशने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, माफी मागितली, चहा मागवला. गोरक्ष भला माणूस. "असू द्या हो," म्हणाला. पण त्याची नजर कोपऱ्यातल्या काळ्या ढालीवर खिळली होती. चहा येईपर्यंत त्याने ती उचलली, दारात जाऊन उभा राहिला, पोट आत घेतलं आणि कोणाकडेच न बघता विचारलं, "बरा दिसतो का?"

लंकाबाई मशीनवरून उठल्या. त्यांनी गोरक्षच्याच हातातला टेप काढून घेतला, त्याच्या छातीभोवती फिरवला आणि तोंडातल्या तीन टाचण्यांमधून म्हणाल्या, "छाती बेचाळीस. शिपाई दुसरा होईल तुम्हाला, शिवण थोडी सोडावी लागेल. पण ही तुमची मिशी चालायची नाही, आमची लावा."